चटणी पडायच्या आधी

सात-आठ महिन्यांच्या बाळाच्या जिभेवर तांबड्या रश्श्याचं बोट लावायचं, समोर मोबाइल धरायचा आणि ते कधी रडतंय याची वाट बघत हसायचं, अशा माणसाला तुम्ही काय म्हणता?

तुम्हालाच विचारतेय. इकडंतिकडं बघू नका. असा एखादा व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलाय आणि तुम्ही त्याला हसरे चेहरे पाठवलेत. माझ्याकडं तो परवा आला, घरच्या ग्रुपवर. टाकणारा बाळूदा, माझा चुलतभाऊ. व्हिडिओतलं बाळ त्याच्या कुणा मित्राचं होतं. खाली बाळूदानं लिहिलं होतं, ‘जाळ अन् धूर संगटच! रविवारी आमच्या वाघाचा नंबर.’ वाघ म्हणजे बाळूदाचा मुलगा. वय आठ महिने, दात दोन. रविवारी त्याचं उष्टावण आहे.

मी तो व्हिडिओ आवाज बंद करून तीनदा पाहिला. आवाज बंद केला की हसणारी माणसं नाहीशी होतात, बाळ तेवढं उरतं. बोट जवळ येतं तेव्हा ते तोंड उघडतं. आपणहून उघडतं, हे नीट लक्षात घ्या. बोट घरच्या माणसाचं असतं, आणि घरच्या माणसानं आजवर वाईट काही भरवलेलं नसतं. मग क्षणभर काहीच होत नाही. मग हनुवटी थरथरते, श्वास अडकतो, आणि रडू फुटायच्या आधी ते बाळ मान वळवून आईला शोधतं. आई चित्रात नसते. ती बहुतेक स्वयंपाकघरात वाढपाच्या गडबडीत असते.

कोल्हापुरात सध्या चटणीचा हंगाम आहे. जोतिबाच्या यात्रेतला गुलाल कपड्यांतून निघतो न निघतो तोच गच्च्या लाल होतात. बाकीचा महाराष्ट्र ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतो, ती आमची चटणी. वर्षातून एकदाच होते आणि वर्षभर प्रत्येक पातेल्यात पडते. आमच्या गच्चीवर मिरची साड्यांवर वाळत नाही, पत्रकांवर वाळते. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छापखाना आहे. शहरातला जो कोणी कशाच्या विरोधात उभा राहिला, त्याची पत्रकं आमच्याकडं छापली गेली. बिघडलेल्या छपाईचे गठ्ठे घरी यायचे. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. ‘जाहीर’, ‘निषेध’, ‘धिक्कार’, ‘आवाहन’. मिरचीचे देठ खुडता खुडता खालचं वाचायचं. ‘आता गप्प बसणार नाही’ या ओळीवर ब्याडगी आणि ‘चलो कलेक्टर कचेरी’वर संकेश्वरी. उन्हानं मिरची कडकडीत व्हायची आणि शब्द पिवळे पडायचे.

या वासाला तुम्ही लाडानं ‘गावाकडचा वास’ म्हणता. भाजलेलं खोबरं, धने, तेलात फुललेली मेथी इथपर्यंत तो लाडका असतोही. मग मिरची कढईत पडते आणि सगळं घर खोकायला लागतं. मिरची-मसाला कुटून देणाऱ्या कांडपासमोर बायकांची रांग लागते. प्रत्येकीच्या नाकाला पदर, मांडीवर डबा. आत डंकाची लोखंडी मुसळं धाड धाड आपटत असतात आणि त्याचे हादरे चपलेतून तळव्यांना कळतात. एक शिंकली की रांगेतली प्रत्येक शिंकते.

परवा मी त्या रांगेत होते. कांडपवाल्या मावशींनी माझा डबा उघडून बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

“पत्रकवाल्याची धाकटी नव्हं तू?”

“व्हय.”

“तुझ्या अक्काचं बाळ आता जेवतंय न्हवं नीट?”

चार वर्षं झाली. चार वर्षांत या बाईनं किती घरांची चटणी कांडली असेल. तरी तिला तेवढंच लक्षात होतं. मी “व्हय की, लई छान जेवती” म्हणाले आणि डबा तिथंच ठेवून बाहेर आले. डोळ्यांत पाणी होतं. कांडपात त्याचं कारण कुणी विचारत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या याच हंगामात अक्का, माझी थोरली बहीण, बाळाला घेऊन माहेरी आली होती. बाळाचं नाव ईरा. सात महिन्यांची. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात म्हणून सातव्यात ठरलेलं. ईराला खायची घाई होती. चमचा बघितला की आधी तोंड उघडायची आणि मग डोळे मिटायची, देवळात तीर्थ घेताना माणसं मिटतात तसे. पेजेचा एक घास गेला की दोन्ही मुठी वळून मांडीवर आपटायची. त्या आपटण्यासाठी मी दिवसभर तिच्या आसपास असायचे.

उष्टावण मामानं करायचं. आम्हाला सख्खा भाऊ नाही, तेव्हा मामा बाळूदा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो आला. चांदीच्या वाटीतली खीर त्यानं ईराच्या ओठाला लावली, ईरानं मुठी आपटल्या, सगळे खूश. इथंच थांबायला हवं होतं. पण पाहुण्यांसाठी मटण होतं. तांबडा रस्सा वाढला गेला आणि बाळूदानं वाटीत करंगळी बुडवली.

“आण गं तिला इकडं. रगात कुठलं हाय ते बघूया.”

“बोट खाली घे,” मी म्हणाले.

“काय हुतंय? वाटीभर पाजतोय व्हय मी? नुस्तं बोट लावतोय.”

“ती पेज खाणारी आहे, बाळूदा. तिची जीभ म्हणजे तुझ्या मिशा नव्हे, पीळ द्यायला.”

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. बाळूदाचे कान लाल झाले. “उठली बघा अण्णांची सभा! दोन दिवसांनी पत्रक वाटशील म्हणं.”

“वाटीन. त्यात तुझं नाव जाड अक्षरात टाकीन.”

त्यानं बोट स्वतःच्याच तोंडात घातलं. मी जिंकले. त्या दुपारी मी घरात कशी वावरले असेन याची आता लाज वाटते. अक्कानं माझ्या हातात ईरा दिली आणि म्हणाली, “तू होतीस म्हणून बरं.” ते वाक्य मी दोन दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

तिसऱ्या दिवशी आमची चटणी कांडून आली. आता ती घरी कालवायची. परातीत तिखटाचा ढीग, त्यात वाटलेला लसूण, तळलेला कांदा, आलं, मीठ, आणि दोन्ही हातांनी कोपरापर्यंत मळायचं, सगळा ढीग एकसारखा ओलसर होईपर्यंत. आईचा खांदा दुखत होता म्हणून मी बसले. तासाभरानं हात असे दिसत होते, जणू कुणाचा खून करून आलेय. साबणानं धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले, वास घेतला, साबणाचाच आला. हात हुळहुळत होते, ते तर हंगामात प्रत्येक बाईचे हुळहुळतात.

अक्का न्हाणीघरात होती. ईरा भुकेनं किरकिरायला लागली. आईनं मऊ भात करून ठेवला होता. मूगडाळीचं वरण, तूप, चिमूटभर हळद, जिऱ्याचा वास लागेल न लागेल एवढा. मी मांडी घातली, ईराला टेकवून बसवलं. चमचा दूर होता, बोटं जवळ होती. बोटांनी भात आणखी मऊ केला आणि भरवला. तिनं तोंड उघडलं. डोळे मिटले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही त्याचेच व्हिडिओ बघता. थरथरणारी हनुवटी, अडकलेला श्वास. आई चित्रात नव्हती, म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मग ती किंचाळली, त्याच ओल्या ओठांवरून मूठ फिरवली आणि ती मूठ डोळ्यांना लावली. अक्का अंगावर साबण तसाच घेऊन, साडी गुंडाळून धावत आली. मी वाटी हातात धरून उभी होते आणि माझी बोटं नुसती हुळहुळत होती. तिखट पाण्यानं जात नाही, साबणानं लपतं. आधी तेल चोळावं लागतं, आणि तेवढं करूनही त्या दिवशी त्या हातानं बाळाला भरवायचं नसतं. हे या शहरातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. मला माहीत नव्हतं, कारण मी अण्णांच्या पंगतीत बसून मोठी झाले, आईच्या चुलीपाशी नाही.

संध्याकाळी बाळूदा आला. त्याला कळलं होतं. तो ओरडेल, मला फाडून खाईल अशी मी तयारी केली होती. तो हसला. पोट धरून हसला.

“शेवटी तूच लावलंस की! चांगलं झालं. तू बी कोल्हापूरचीच.”

आणि घरात जमलेली चार शहाणी माणसं म्हणाली, “असू दे गं, अशीच सवय लागती.”

मला शिव्या चालल्या असत्या. ती शाबासकी मला आजही चालत नाही. माझ्या चुकीला त्यांनी आपल्या परंपरेत घेतलं, पाट मांडून बसवलं. ज्या मूर्खपणाविरुद्ध मी बोट रोखलं होतं, त्याचं बोट शेवटी माझ्याच हाताला निघालं, आणि ती माणसं त्याचा आनंद करत होती. अक्कानं ईराला उचललं आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

सवय लागली, ती तोंड मिटायची. दुसऱ्या दिवशी चमचा दिसला की ईरानं ओठ असे दाबले की पांढरे पडले. पेज नको. खीर नको. केळं नको. हात जवळ आला की मान भिंतीकडं. मुठी मांडीवर आपटणं बंद. अंगावरचं दूध तेवढं घ्यायची. शेजारणीनं सुचवलं म्हणून चहात बुडवलेलं बिस्किट पुढं केलं, मग डब्यातली गोड पूड आली, जिच्यावरच्या चित्रातलं बाळ दात नसताना दात दाखवत असतं. तेही नको. बरंच झालं. एकीकडं मर्दानगीचा रस्सा आणि दुसरीकडं साखरेचा चिखल, आणि या दोन्हींना लोक ‘बाळाचं खाणं’ म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, काट्याकडं बघितलं आणि त्या म्हणाल्या, “दूध चालू ठेवा. आणि कुणीही जबरदस्ती करायची नाही.” ‘कुणीही’ म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नव्हतं. मला तसं वाटलं, एवढंच. घरी परतताना अक्का रिक्षात रडली. मी समोरच्या आरशात तिला बघत होते आणि तिला ते कळत होतं.

मला भरवायला बंदी झाली. बंदी घातलेला माणूस बघत बसतो. म्हणून मी पहिल्यांदा माझ्या आईला स्वयंपाक करताना बघितलं.

ती कालवण उकळत ठेवायची. मग चटणीचा डबा उघडायची, चमचा भरायची, आणि तो पातेल्यात जायच्या आधी थांबायची. डाव्या हातानं पळी घेऊन एक वाटीभर बाजूला काढायची. मग चटणी. ही बाजूला काढलेली वाटी म्हणजे अळणी. मटणाचं असो, डाळीचं असो, शेवग्याचं असो. आजाऱ्याला, म्हाताऱ्याला, पोराला. पंचवीस वर्षं ती वाटी रोज आमच्या घरात निघत होती. त्याच वाटीवर अक्का वाढली, मी वाढले, आणि मी कधी विचारलं नव्हतं की माझ्या लहानपणी माझं ताट लाल का नव्हतं. निषेधाची इतकी पत्रकं मी वाचली होती, आणि रोजचा हा एक निषेध माझ्या नाकासमोर वाफाळत होता.

आईनं ईराला काही भरवलं नाही. ती नुसती जवळ बसून जेवायला लागली. ताटात अळणी वरण, मऊ भात. ईराकडं बघायचंसुद्धा नाही. तिच्या हातात रिकामी वाटी द्यायची, ती आपटू द्यायची. पहिल्या दिवशी डाळीचं नुसतं पाणी आणि तूप. तिसऱ्या दिवशी तुपात जिरं. मग धन्याची पूड, मग हिंगाचा खडा फिरवून काढलेला. मग तुपात इतका शिजवलेला लसूण की त्याची जात विसरली जावी. वास बदलायचा, मान हलायची नाही.

“एवढं कशाला करतेस? खात तर नाही ती,” मी चिडून म्हणाले.

“वास खाती की,” आई म्हणाली. “आदी नाक जेवतं. मग तोंड.”

“आणि नाहीच जेवली तर?”

“उद्या परत काढायची वाटी. तुझ्यासारखं एका सभेत न्हाय हुत सगळं.”

नवव्या दिवशी दुपारी आई जेवत होती, वळचणीला चिमण्या भांडत होत्या, अण्णा पेपरमागं होते. ईरा वाकली. वाकून तिनं पंजा आईच्या ताटात घातला. आईनं घास चावणं थांबवलं नाही. ईरानं पंजा तोंडात नेला, चोखला आणि डोळे मिटले. मग दुसरा पंजा. मग मूठ मांडीवर आपटली. सगळा भात तिच्या झबल्यावर उडाला. अक्का दारात उभी होती. तिनं तोंडावर हात ठेवला. मी हललेसुद्धा नाही. मला भीती होती, माझ्या हलण्यानं ते मोडेल.

तेव्हापासून मला या शहराच्या तिखटाच्या गर्वाचा राग येतो. तिखटाचा नाही, गर्वाचा. चटणी मी आजही खाते, भाकरीवर तेल घालून खाते. पण चव म्हणजे तिखट आणि तिखट म्हणजे शौर्य, हे कुणी ठरवलं? हळद, जिरं, धने, हिंग ही काय भित्र्यांची पलटण आहे? आणि या शूरांचं पोट मला ठाऊक आहे. बाळूदा रविवारी चार वाट्या तांबडा ओरपतो आणि सोमवारी सकाळी आम्लपित्ताची गोळी घेऊन बायकोला म्हणतो, “जरा अळणी हाय का बघ. कुणाला सांगू नको.” स्वतःच्या चाळिशीतल्या पोटाला जी दया तो चोरून दाखवतो, ती आठ महिन्यांच्या पोटाला उघड दाखवायला त्याची छाती होत नाही. पोरगी असली तर गंमत आणि पोरगा असला तर परीक्षा. काल वहिनीचा फोन आला. बाळूदाची बायको.

“वन्सं, रविवारी तुमी या हं. लवकर या.”

“तू सांगितलंस का त्याला?”

“सांगितलं की. म्हणत्यात, अळणी खाऊन पोरगं मऊ हुईल. मी काय बोलू ओ? मी बोलले की माझं माहेर काढत्यात.”

“तू चटणी टाकायच्या आधी वाटी काढ. बाकीचं मी बघते.”

“वाटी मी काढतेच ओ. रोज काढते. बोट कोण धरणार?”

हा प्रश्न मी उचलून तुमच्यासमोर ठेवतेय.

ईरा आता पाच वर्षांची होईल. सुट्टीला आली की माझ्या शेजारी जेवायला बसते. वरणभातावर बोटभर जागा रिकामी ठेवते आणि म्हणते, “मावशी, इथं चटणीचा एक टिपका दे.” मी चमच्याच्या टोकानं देते, बोटानं नाही. ती टिपका चाटते, हाऽ हू करते, पाणी पिते आणि आणखी एक मागते. तिचं तिखट ती स्वतः ठरवते. तिला काही आठवत नाही. मला आठवतं, तेवढं पुरे.

रविवारी मी जाणार आहे. भाषण करणार नाही, ते एकदा करून झालंय. यंदाची चटणी मी कालवलेली नाही, हात कोरे ठेवलेत. बाळूदाच्या शेजारचा पाट धरून बसेन आणि त्याची करंगळी वाटीत बुडाली तर मनगट धरेन, तो कितीही हसला तरी. पण मी एका पंगतीला पुरेन. बाकीच्या पंगतींना तुम्ही असता.

तेव्हा एवढं करा. हे वाचणारे पुरुष असाल तर आधी तुम्ही करा, कारण ताट समोर येईपर्यंत पातेल्यात काय झालं हे तुम्ही आजवर पाहिलेलं नाही. या हंगामात नवी चटणी पहिल्यांदा कालवणात पडेल, तेव्हा उठून चुलीपाशी जा. चमचा उलटायच्या आधी पळी हातात घ्या आणि एक वाटी बाजूला काढा. मोबाइल खिशात घाला. हात धुतलेले असले तरी मागं घ्या. वाटी बाळाजवळ ठेवा आणि त्याच्याकडं न बघता आपलं जेवा.

ते वाकेल. नाही वाकलं, तर उद्या पुन्हा वाटी काढा.